‘तुरळक’ वळीव आणि विमानवाल्यांची नजर

तासगाव भागातल्या एका बेदाणा शेडवर गेलो होतो. आदल्या संध्याकाळी वळीव झाला होता. मालक वैतागून म्हणाले, "साहेब, अंदाजात तुरळक पाऊस म्हणाले होते. मग माझ्याच शेडवर एवढा कसा कोसळला?"

प्रश्न रास्त आहे; उत्तर त्या ‘तुरळक’ शब्दातच आहे. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या शंभरपैकी २५ पर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०. पाऊस किती ठिकाणी पडेल एवढंच हा शब्द सांगतो. किती जोरात पडेल ते सांगत नाही. आपण ‘तुरळक’ म्हणजे ‘किरकोळ’ समजतो आणि तिथंच फसगत होते.

चैत्र-वैशाखात विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकातून दक्षिणेकडे कमी दाबाचा लांबट पट्टा वरचेवर तयार होतो. समुद्रावरचं बाष्प आत येतं, दुपारपर्यंत जमीन तापते आणि हवा उसळून वर जाते. सकाळी आभाळ निरभ्र, चारला काळाकुट्ट डोंगर उभा! हा ढग १२ ते १५ किलोमीटर उंच जातो. सुमारे पाच किलोमीटरच्या वर आत गोठणारी थंडी असते, गारा तिथंच तयार होतात.

या ढगाला विमानवाले ‘सीबी’ म्हणतात आणि त्याला फार जपून असतात. प्रवासी विमान साधारण १० ते ११ किलोमीटर उंचीवरून जातं, म्हणजे ढगाच्या माथ्यावरून जायची सोय नाही. विमानाच्या नाकातल्या रडारवर ढग दिसला की पायलट तीस-पस्तीस किलोमीटर लांबून वळसा घेतो. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं विमान गारपिटीत सापडलं. नाक फुटलं, पण सुखरूप उतरलं. मोठ्या विमानतळांवर तर दर अर्ध्या तासाला हवेची नोंद होते. सकाळच्या अंदाजावर तिथं दिवस काढत नाहीत. (मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ होते म्हणून विमानाला धावपट्टीही जास्त लागते, हे जाता जाता.)

आपणही तसंच करावं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला कामं ठरवायला वापरा: हळद कधी शिजवायची, कांदा कधी काढायचा. मात्र ‘मेघगर्जनेसह’ असा शब्द असेल त्या दिवशी दुपारपासून हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा बघत राहा. मोबाइलवरचं ‘दामिनी’ ॲप तुमच्या ठिकाणापासून २० ते ४० किलोमीटरवरची वीज दाखवतं. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी यांनी इशारा येताच देवळाच्या भोंग्यावरून पुकारायला काय हरकत आहे?

ढग जवळ आला की एकाएकी गार वारं सुटतं, धूळ उडते. ढगातून खाली आपटलेली हीच हवा उतरणाऱ्या विमानाला दगा देते. तुम्हाला मात्र ती सूचना आहे. पाऊस मागोमाग येतो. पण पडदे सोडायला, हळदीवर ताडपत्री ओढायला तेव्हा धावायचं नाही. ते काम गडगडाट ऐकू येण्याआधी उरकलेलं पाहिजे, कारण पत्र्याचं उघडं शेड विजेपासून वाचवत नाही. झाडाखालचा आडोसा तर त्याहून वाईट.

लखलखाट आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असं समजा. बेदाणा असेल तिथं असू द्या, गड्यांना, बायामाणसांना घेऊन पक्क्या घरात चला. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय बाहेर पडू नका.

त्या मालकांचा निम्मा माल काळा पडला. गडी मात्र सगळे घरात होते.