उसना विस्तव

गणपतीत मालवण तालुक्यातल्या कट्ट्याला मामांकडे गेलो होतो. आरती आटोपल्यावर ओटीवर वर्तमानपत्र उलगडीत मामांनी विचारले, "माका सांग, इराणच्या कारखान्यात डोकावूचो अधिकार ह्या निरीक्षकांका कोणी दिल्यान?"

प्रश्न मोठा मार्मिक! पण उत्तराला इराण कशाला हवा? आपले तारापूर पुरे आहे.

१९६३ साली अमेरिकेशी करार झाला आणि १९६९ साली तारापूरच्या दोन अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या. इंधन अमेरिकेचे, म्हणून अट अशी, की आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांनी यावे आणि इंधनाचा हिशेब तपासावा. शेजारणीकडून विस्तव उसना आणला, तर चूल कशी पेटवता हे ती पाहणारच! गंमत अशी, की १९५६ साली या संस्थेची घटना ठरताना तपासणीवर कडाडून आक्षेप घेतला तो आपल्याच डॉ. होमी भाभांनी. झडती मदत घेणाऱ्याची. बाँब बाळगणारे मोकळे, हे त्यांना खुपत होते.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला. त्याचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस भट्टीतले. ती भट्टी कॅनडाच्या मदतीची, जड पाणी अमेरिकेचे, आणि दोन्ही दिलेली शांततेच्या कामासाठी. आमचा स्फोटही शांततेसाठीच, असे आपण म्हणालो. ते त्यांना पटले नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. १९७८ साली अमेरिकेने कायदा केला: सर्व अणुकेंद्रे तपासणीला खुली करा, नाहीतर इंधन नाही. चूक असलीच तर तुर्भ्याची. उपास घडला तारापूरला! अखेर १९८२ साली फ्रान्स मदतीला आला.

मात्र एक गोष्ट घडली नाही. एवढ्या भांडणातही तारापूरची मोजदाद थांबली नाही. १९९३ साली कराराची ३० वर्षे भरली, तरी भारताने ती चालूच ठेवली.

"आणि इराण?" मामा.

इराणने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर १९६८ सालीच सही केली. आपण ती कधीच केली नाही. म्हणजे निरीक्षकांना अधिकार दिला तो इराणनेच. २०१५ च्या समझोत्यात युरेनियम ३.६७ टक्क्यांपलीकडे समृद्ध करायचे नाही, असे ठरले. २०१८ साली अमेरिकाच त्यातून बाहेर पडली. २०२१ साली इराणने ६० टक्के गाठले. बाँबला साधारण ९० लागतात. जून २०२५ मध्ये नतांझ आणि फोर्दोवर बाँब पडले, आणि त्यानंतर ६० टक्क्यांचा साठा किती उरला, कोठे आहे, हे निरीक्षकांना मोजता येईना.

मामांनी चष्मा काढला. "म्हणजे मोजणारोच भायर?"

"होय, मामा."

आतून मामींनी चहाला हाक मारली. मामा मात्र घडी घातलेले वर्तमानपत्र पुन्हा उघडून बसले.