घणसोलीच्या डोंगराच्या पोटात

घणसोली गावाच्या खाडीकडच्या अंगाला उभं राहून पूर्वेकडे पाहिलं, की आधी एकमेकांना खेटून बांधलेली गावातली घरं दिसतात. मग सेक्टरमधल्या इमारती, त्यापलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कंपन्यांचे काचेचे मजले. आणि या सगळ्यांच्या मागे पारसिकच्या डोंगराची काळपट हिरवी रेघ. नवी मुंबईत राहणाऱ्या बहुतेकांसाठी तो डोंगर म्हणजे रेल्वेच्या खिडकीतून सरकत जाणारी एक पार्श्वभूमी. मला मात्र गावाची ओळख त्या डोंगरापासून करून द्यायची आहे.

एरवी घणसोलीची ओळख खाडीवरून होते. हे आगरी-कोळ्यांचं गाव. खाडीकाठची भातशेती, मिठागरं आणि मासेमारी यांवर बेलापूर पट्टीतली सगळीच गावं जगली, तसंच हेही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं आणि शेतकऱ्याचा प्रकल्पग्रस्त झाला. १९९२ मध्ये महापालिका आली. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्गावर लोकल धावू लागली आणि रबाळे व कोपरखैरणे यांच्यामध्ये घणसोली हे स्टेशनचं नाव झालं. हा इतिहास गावातला कुणीही सांगेल. डोंगराचा इतिहास सांगणारं कुणी सहसा भेटत नाही.

तो सांगायचा तर खड्यांच्या वेडापासून सुरुवात करू. आजची मुलं मोबाइलवरच्या खेळांत जादूचे खडे गोळा करतात. एक खडा श्वास देतो, एक विस्तवावर धरला की जागा होतो, एखादा निळा खडा इतका दुर्मीळ की तो मिळवायला रात्री जागवाव्या लागतात. आपल्या पिढीला हेच वेड स्यमंतक मण्याच्या गोष्टीतून लागलं होतं. गणेश चतुर्थीला चंद्र दिसला की कृष्णावर आलेल्या चोरीच्या आळाची ती कथा घरात कुणीतरी सांगायचंच, आणि रोज सोनं देणारा मणी कसा दिसत असेल, या विचारात झोप लागायची. या खड्यांचे गुण कुणीतरी कल्पनेने रचले असं आपण समजतो. पण श्वास देणारा, विस्तवावर उकळणारा आणि अशक्य वाटावा इतका निळा, असे तिन्ही दगड खरे आहेत. घणसोलीच्या मागचा डोंगर ज्या खडकाचा आहे, त्या खडकाशी तिघांचंही नातं आहे.

ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून एमआयडीसीतून वर चढत गेलं की गवळीदेव लागतो. वनखात्याची जमीन, दाट झाडी आणि पावसाळ्यात धबधबा. सुट्टीच्या दिवशी इथे भिजायला गर्दी होते. पाऊस ओसरला की ओढ्याचं पात्र उघडं पडतं, आणि पाहायचं असतं ते तेव्हा. अशा ओढ्यातला एखादा फुटका काळा दगड हातात घेऊन बघा. आंबोळीला पडते तशी जाळी त्याला असते. काही भोकं रिकामी, काहींना आतून हिरवट अस्तर, आणि काही पांढऱ्या गराने गच्च भरलेली. त्या पांढऱ्याला आपल्याकडे सरसकट गार म्हणतात. पण भिंगाखाली धरलं की एकाच नावाखाली किती वेगवेगळी मंडळी नांदतात ते दिसतं. खडीसाखरेच्या दाण्यासारखा असतो तो क्वार्ट्झ. चाकूने ओरखडा उठत नाही. ज्याच्यावर ओरखडा उठतो आणि ज्याच्या सपाट अंगावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मोतिया झाक असते, तो बहुधा स्टिलबाइट. सुयांचा पंखा उघडल्यासारखा दिसला तर स्कोलेसाइट.

ही भोकं म्हणजे वायूचे बुडबुडे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, आणि दख्खनचा हा काळा खडक आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. थिजणाऱ्या लाव्ह्यातला वायू वर यायला धडपडला आणि वाटेतच अडकला. पुढे गरम पाणी खडकात मुरत राहिलं. त्याने खडकातलीच सिलिका, कॅल्शियम, अॅल्युमिनियम विरघळवून या पोकळ्यांत आणून ठेवलं, आणि निवांत जागा मिळाल्यामुळे तिथे स्फटिक वाढले. ज्याला जागा मिळाली, त्यालाच आकार आला. मालाड-कांदिवलीच्या खाणींतला हिरवट प्रेहनाइट, मुंबईच्या खाणींतला कापसाच्या बोंडासारखा ओकेनाइट, जळगावकडचे आणि पुण्याच्या पाषाणचे अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना तोंडपाठ आहेत. आपल्याला त्यांची नावंही ठाऊक नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उकळणाऱ्या दगडाची गोष्ट १७५६ ची. क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असाच एक स्फटिक ज्योतीवर धरला आणि तो फसफसला. स्फटिकाच्या सांगाड्यात अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांत पाणी अडकलेलं असतं. उष्णता लागताच ते वाफ होऊन निघून जातं आणि सांगाडा मात्र बहुधा शाबूत राहतो. क्रॉनस्टेटने त्याला नाव दिलं झिओलाइट, म्हणजे ग्रीकमध्ये उकळणारा दगड. स्टिलबाइट आणि स्कोलेसाइट याच कुळातले. या पोकळ्यांचाच पुढे माणसाने उपयोग करून घेतला. २०२१ च्या कोरोनाच्या भयंकर उन्हाळ्यात घरोघरी जी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रं आली, त्यांत झिओलाइटचे दाणे होते. कारखान्यात बनवलेले, पण जात तीच. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. दगडाने श्वास दिला, हे ज्यांनी त्या यंत्राची घरघर रात्रभर ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

आता निळा दगड. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत खडीसाठी दगड फोडताना पांढऱ्या स्टिलबाइटवर मोरपिसाच्या डोळ्यासारखे निळे गुच्छ सापडले. तो कॅव्हनसाइट. त्याचा शोध अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९६७ साली लागला, आणि कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट या घटकांच्या आद्याक्षरांतून त्याचं नाव तयार झालं. पण जगातले सर्वांत देखणे नमुने वाघोलीचेच. सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेल्या गारगोटी संग्रहालयात तो निळा पाहता येतो. छायाचित्रात तो खोटा वाटतो, आणि समोर पाहिला तरी क्षणभर विश्वास बसत नाही.

ही सगळी संपत्ती उजेडात येते ती डोंगर फोडल्यावर, हेच अवघड आहे. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गासाठी बोगदे खणले, तेव्हा निघालेले अपोफिलाइट इंग्लंडच्या संग्रहालयांत जाऊन बसले. घणसोलीच्या डोंगरालाही रेल्वेने गाठलंच. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्यासाठी घणसोलीतून आत शिरायचा आडबोगदा काढला, आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी घणसोली ते शिळफाटा हा ४.८८ किलोमीटरचा टप्पा आरपार झाला. सुरुंग लावून, खडक फोडून केलेलं हे काम. एवढ्या लांबीच्या ताज्या कापात साडेसहा कोटी वर्षं बंद असलेल्या किती पोकळ्या पहिल्यांदा उघडल्या असतील! त्याआधी कितीतरी वर्षं याच डोंगररांगेत दगडखाणी चालल्या. जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांनाही सिडकोने खाणी भाडेपट्ट्याने दिल्या होत्या, आणि नवी मुंबईच्या भिंती त्या खडीवर उभ्या राहिल्या. गार लागलेला दगड खडीला कमजोर, म्हणून तो नको असतो. सुंदर तेवढं बाजूला पडतं. असं प्रत्येक खोदकाम सुरू होताना एक लाकडी पेटी तिथे ठेवावी आणि निघालेले नमुने गावच्या शाळेला द्यावेत, एवढंच माझं मागणं आहे. घणसोलीच्या मुलाला त्याच्या डोंगरातला स्फटिक पाहायला सिन्नरला जावं लागू नये.

शेजारी महापे इथे इंडिया ज्वेलरी पार्कची आखणी झाली आहे. हिऱ्या-माणकांचा व्यापार गावाच्या वेशीपाशी येतो आहे. त्या बाजारात झिओलाइटला जागा नाही. दहाच्या मापावर हिऱ्याची कठीणता १०, स्टिलबाइटची जेमतेम ४. अंगठीत बसवला तर लवकरच झिजून जाईल. त्याला पैलू पाडावे लागत नाहीत, कारण ते तो अंधारात स्वतःच पाडून आलेला असतो.

गवळीदेवला जायचं तर घणसोली स्टेशनवरून रिक्षा मिळते. दगड पाहायचे असतील तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरनंतर जा, आणि सकाळी नको. डोंगराची ही बाजू पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन ओढ्यात उतरतं ते दुपारी चारच्या पुढे. सोबत भिंग आणि पाण्याची बाटली असू द्या. जमीन वनखात्याची आहे, दगड उचलून आणायचा नाही. ओढ्यातल्या फुटक्या दगडावर थोडं पाणी ओता, तिरप्या उन्हाकडे पाठ करून बसा आणि दगड सावकाश फिरवत राहा. कुठल्या तरी एका कोनात ती पोकळी आतून उजळते.