काय हशील?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी भावकीत बांधावरून वाद निघाला, की माझी आजी एवढंच म्हणायची, "भांडून काय हशील?" मला वाटायचं, हा आपल्याच मातीतला शब्द. पुढे भाषा शिकवू लागलो तेव्हा कळलं, की आजीचा 'हशील', सरकारचा 'महसूल' आणि कचेरीवरच्या पाटीतला 'तहसील' ही एकाच घरची लेकरं आहेत.

हे घर अरबी भाषेचं. अरबीतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतात. इथे ती व्यंजनं ह, स आणि ल. अर्थ, हाती येणं. हाती आलं ते हासिल, हाती आणण्याची क्रिया ती तहसील आणि जे मिळालं ते महसूल. जुने अरबी कोशकार 'तहसील' समजावताना दोन दाखले देतात. खाणीतल्या दगडातून सोनं वेगळं काढणं आणि भुसातून गहू वेगळा काढणं. म्हणजे आमच्या खळ्यावर पाटी उंच धरून ज्वारी उफणणारी बाई खऱ्या अर्थानं तहसीलच करत होती!

उर्दूत विद्या मिळवणं हीसुद्धा तहसील. हिंदी मुलखातली मुलं बेरजेत 'हासिल' धरतात, आपण तिथे हातचा धरतो. 'वसूल' मात्र या कुळातला नाही. कानाला तो महसुलाचा भाऊ वाटतो, पण त्याचा धातू वेगळा, अर्थ, पोचणं. आपण एखाद्याची 'वासलात' लावतो, तो शब्द या वसुलाच्या घरचा.

फारसी कारभाराबरोबर हे शब्द आपल्या दप्तरांत आले आणि वाटेत एक गंमत झाली. अरब शेतकरी आजही 'महसूल' म्हणतो तो पिकाला. आपल्याकडे महसूल म्हणजे सरकारचा वाटा. शेतकऱ्याच्या हाती येणारं ते महसूल, की त्याच्या हातून जाणारं?

या प्रश्नाची किंमत इंदापूरनं मोजली आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी प्रिंगल यानं पुणे जिल्ह्याची पाहणी केली. एकूण पिकातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारनं घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर तो चोख होता. पण मोजणीत चुका झाल्या, पिकाचे अंदाज फुगले, धान्याचे भाव पडले. सारा भरणं अशक्य झालं, तेव्हा कित्येक कुळं जमिनी टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. शेतं ओसाड पडली.

मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांच्याकडे हे काम आलं. निव्वळ उत्पन्नाचा नाद त्यांनी सोडला. मातीचा कस आणि खोली पाहून जमिनीची प्रतवारी केली, दर उतरवले आणि १८३६ पासून ते ३० वर्षांसाठी कायम केले. ओसाड रानं पुन्हा नांगराखाली येऊ लागली. मुंबई इलाख्यातल्या नव्या जमाबंदीचा पाया असा इंदापुरात घातला गेला.

माझे वडील बारामतीच्या बाजारात माल घालून आले, की ओसरीवर बसून पट्टी वाचत. गाडीभाडं, हमाली, तोलाई एकेक वजा करत. मग बियाणं, खत, मजुरी. शेवटी जो आकडा राही त्याच्याकडे ते बराच वेळ बघत बसत. शाळेची फी, बहिणीचं लग्न, सगळं त्याच आकड्यातून व्हायचं असे.

प्रिंगलला जे साहेबी गणितानं सापडलं नाही, ते माझ्या घरात दर हंगामाला मोजलं जाई. भूस उडून गेल्यावर पाटीत उरतं ते हासील. म्हणून आजीचा प्रश्न मला आता फार मोठा वाटतो. कुठलीही योजना, कुठलंही पीक, कुठलंही भांडण असो, आधी विचारावं, यात काय हशील?