पावती आहे, पण कोणाची?

आमच्या मांडवगण फराट्यात सप्ताहाची वर्गणी कोणी चुकवत नाही आणि तिचा हिशोबही कोणी चुकवू देत नाही. काल्याचे कीर्तन झाले, पंक्ती उठल्या की दोन-चार दिवसांत मंदिरात बैठक बसते. गहू किती आला, मंडपवाल्याला काय दिले, शिल्लक किती राहिली, सगळे वाचून दाखवतात. मध्येच एखादे आजोबा विचारतात, "तेलाचे डबे सात कसे? गेल्या साली तर पाचात भागलं होतं." मग तासभर वाद होतो. तो वाद हेच आमचे ऑडिट. देणारा आणि घेणारा एकाच पारावर बसणारे असले की फसवाफसवी अवघड जाते.

अडचण येते ती देणारा इथे आणि घेणारा भलतीकडे असला म्हणजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजाराच्या दिवशी गावात एक जीप आली. वर कर्णा, बाजूला अनाथ मुलांचे मोठाले फोटो, हातात पावतीपुस्तक. माझ्या आत्याच्या उसाचे पेमेंट नुकतेच जमा झाले होते. मामांच्या वर्षश्राद्धाला काही द्यावे असे तिच्या मनात होतेच. तिने पाच हजार रुपये रोख दिले. संध्याकाळी मी चौकशी करू लागलो तेव्हा ती म्हणाली, "आरं, पावती दिलीय की त्यानं. शिक्का बी हाय."

पावती होती, शिक्काही होता आणि शिक्क्याखाली एक नोंदणी क्रमांकही होता. मी आयुष्यभर सोसायटीच्या दप्तरात आकडे मांडलेला माणूस, पण त्या क्रमांकाकडे त्या दिवशी मीही नीट पाहिले नाही. पावतीवरच्या पत्त्यावर पत्र टाकले. ते 'पत्ता सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आले. मग डोळे उघडले.

आपल्या राज्यात १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. पूर्वी त्याच्या नावात 'मुंबई' होते, आता 'महाराष्ट्र' आहे. लोक त्याला चॅरिटी कमिशनरचा कायदा म्हणतात. या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला जो क्रमांक मिळतो, त्याच्या आधी एक अक्षर असते. 'ए' म्हणजे हिंदू देवस्थाने, 'बी' म्हणजे मुस्लिम धर्मादाय संस्था. लोकोपयोगी कामाच्या ट्रस्टला 'ई' आणि सोसायटी म्हणून स्थापन झालेल्या संस्थेला 'एफ'. त्यापुढे आकडा आणि जिल्ह्याचे नाव. आत्याच्या पावतीवरचा क्रमांक 'ए'ने सुरू होत होता. अनाथाश्रमाला देवस्थानाचा क्रमांक कसा? धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर संस्था शोधायची सोय आहे. भाच्याच्या मुलाने मोबाइलवर तो क्रमांक टाकला. निघाले दुसऱ्याच तालुक्यातले एक देऊळ. त्या बिचाऱ्या देवाला या जीपची खबरही नसेल.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बालगृह चालवायला वेगळी नोंदणी लागते, आणि अशा मुलांची ओळख उघड होईल असे नाव-फोटो प्रसिद्ध करायला मनाई आहे. म्हणजे जीपवर लावलेले ते केविलवाणे चेहरे हीच संशयाची पहिली खूण होती. आम्ही नेमके तेच चेहरे पाहून विरघळलो.

नोंदणी आहे म्हणजे संस्था चांगलीच, असेही मात्र नाही. नोंदणी हा जन्माचा दाखला. माणूस कसा निघाला ते त्यावर लिहिलेले नसते. ते कळते हिशोबावरून. नोंदलेल्या ट्रस्टला दरवर्षी हिशोब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात आणि त्याचा अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. आपल्या जिल्ह्याचे कार्यालय पुण्यात ढोले-पाटील रस्त्यावर आहे. विश्वस्त कोण, मालमत्ता काय, याची नोंद तिथल्या रजिस्टरात असते. अर्ज करून, फी भरून त्याची नक्कल मिळते. पण एवढी यातायात करण्याआधी संस्थेलाच विचारावे, "गेल्या दोन-तीन वर्षांचे ताळेबंद दाखवता का?" खरी संस्था दाखवते. ताळेबंद हाती आला की मी आधी दोन गोष्टी पाहतो. आलेल्या पैशातला किती मूळ कामावर गेला आणि किती प्रवास, छपाई, समारंभ यांवर. आणि विश्वस्त सगळे एकाच घरातले तर नाहीत ना.

गणेशोत्सवाच्या वर्गणीचा प्रकार जरा निराळा. ज्या मंडळाची नोंदणी नाही, त्याने वर्गणी मागण्याआधी याच कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घ्यायची असते. किती मंडळे ती घेतात आणि किती वर्गणीदार ती मागतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

पैसे रोख देऊच नयेत असे आता माझे मत झाले आहे. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला आयकरात सवलतही मिळत नाही. ही सवलत म्हणजे लोक ज्याला 'ऐंशी जी' म्हणतात ती. २०२५च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तोंडातले नाव तेच राहिले. नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ती मिळत नाही, तरी देणगीदाराने संस्थेकडे ही मान्यता आहे का ते विचारावेच. कारण अशा संस्थेला देणगीदारांचे विवरण आयकर खात्याला द्यावे लागते आणि देणगीदाराला रीतसर दाखला द्यावा लागतो. हे २०२१-२२पासून आले. मोबाइलवरून पैसे पाठवताना कोड स्कॅन केल्यावर नाव उमटते. ते संस्थेचे आहे की कोणा गृहस्थाचे, एवढे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. पुराच्या, भूकंपाच्या वेळी तर हे पाहायलाच हवे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, १९९३ साली, आमच्या घरातून ज्वारीचे पोते गेले होते. ते कुठे उतरले हे आम्ही कोणालाही विचारले नाही. त्या दिवसांत विचारणे म्हणजे पाप वाटे.

पण फसलेला माणूस नंतर उलटी चूक करतो. जीपच्या प्रकरणानंतर दोन वर्षांनी एक तरुण दारी आला. बालगृहासाठी मदत मागत होता. फोटो नव्हते, कर्णा नव्हता, पिशवीत छापील अहवाल होते. मी ते हातातही घेतले नाहीत. "पुढं बघा," म्हणालो. उन्हाचे दिवस होते, पाणीसुद्धा विचारले नाही. पुढे पितृपंधरवड्यात पुण्याला 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन पाहायला गेलो. २००५पासून भरणाऱ्या या प्रदर्शनात संस्था आणि देणगीदार समोरासमोर येतात. तिथे असेच अहवाल मांडलेले पाहिले आणि तो तरुण आठवला. घरी येऊन त्याच्या संस्थेचे नाव शोधले. नोंदणी चोख, हिशोब दरवर्षी भरलेले. पाच हजार गेल्याचे जेवढे वाईट वाटले नव्हते, तेवढे तेव्हा वाटले.

फोन करून आम्ही भेटीची वेळ घेतली. त्यांनी आधीच सांगितले, की मुलांना भेटता येणार नाही, कार्यालय आणि स्वयंपाकघर दाखवू. मला ते आवडले. तिथे मी ताळेबंद चाळत बसलो आणि आत्या सरळ कोठीघरात शिरली. तिथल्या बाईंना तिने विचारले, "म्हैन्याला तेलाचं डबं किती लागत्यात?" बाईंनी वही न उघडता आकडा सांगितला, मग वही उघडून दाखवली. आत्याला वाचता येत नाही, पण तिने पान उलटून पाहिले.

पैसे या वेळी चेकने दिले. पावती हातात आल्यावर ती तिने माझ्यापुढे धरली. "बघ रं, अक्षर कोणतं हाय ते."

'एफ' होते.