कावीळ उतरते, पण कोणती?

कावीळ उतरवणाऱ्याच्या दारात रांग असते, ती उगाच नाही. चुन्याच्या पाण्याने हात चोळले की पाणी पिवळं पडतं, गळ्यातली काड्यांची माळ दिवसागणिक लांबत जाते आणि पंधरा-वीस दिवसांत रोगी खरोखर बरा होतो. यातलं शेवटचं खरं आहे, म्हणून आधीचं खपतं.

पाणी पिवळं होतं ते हाताला आधी चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी तेच होईल. माळेच्या ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात. ती खुंटीला टांगली तरी लांबेल.

रोगी बरा होतो, कारण आपल्याकडची पुष्कळशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते आणि बहुतेकांत ती काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. ‘डॉक्टरांकडे काविळीवर औषधच नाही’ हे अर्धसत्य इथूनच आलं. या दोन विषाणूंपुरतं ते बरंचसं बरोबर आहे. पण कावीळ हे लक्षण आहे. पित्तनलिकेत अडकलेला खडा, स्वादुपिंडाचा कर्करोग, दारू, क्षयाच्या गोळ्यांचा दुष्परिणाम, सगळ्यांत डोळे पिवळेच होतात. हिपॅटायटिस सी तर आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरा होतो. अंगाला खाज आहे, शौच पांढुरकी होतेय, म्हणजे पित्तनलिका अडलेली असू शकते; अशा वेळी नाकात देवडांगरीचे थेंब टाकून पिवळं पाणी गळताना पाहत बसलं, तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाऊ शकते. नाकातून गळतो तो चुरचुरलेल्या नाकाचा स्राव; यकृतातलं पित्त तिथे येत नाही.

झाडपाल्याकडे शास्त्रज्ञ बघतच नाहीत, हाही गैरसमज. हिपॅटायटिस बीवर भुईआवळी गुणकारी ठरल्याचा मद्रासचा अभ्यास 1988 साली ‘लॅन्सेट’ने छापला, त्यात बी विषाणू शोधणारे नोबेल विजेते बारूक ब्लुमबर्गही होते. पुढे इतरांनी प्रयोग केले, तेव्हा तो गुण पुन्हा दिसला नाही. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवले आहेत. आजारी यकृताला ‘झाडपाल्याने अपाय तर होणार नाही ना’ हा हिशेब लागू पडत नाही.

पथ्याचंही तसंच. हळद बंद, तेल बंद, फक्त उसाचा रस, याला आधार नाही. भूक लागेल तसं घरचं साधं जेवण चालतं. दारू मात्र अजिबात नाही. आणि गाड्यावरच्या रसात घाण पाण्याचा बर्फ असेल, तर हिपॅटायटिस ए मिळण्याची तीही एक जागा.

डोळे पिवळे दिसले की पहिल्याच दिवशी यकृताच्या तपासण्या आणि रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर ही चाचणी करून घ्या. रोगी बरळायला लागला, झोपाळला, हिरड्यांतून रक्त आलं किंवा बाई गरोदर असेल, तर थेट मोठं रुग्णालय गाठा. हिपॅटायटिस ई झालेल्या शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बायांत मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जातं.