उलटी किती, यापेक्षा वजन किती

तान्हं बाळ दूध काढतं याचं घरात कुणाला नवल वाटत नाही, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पायलोरिक स्टेनोसिस हा आजार नेमका याच समजुतीआड लपतो. यात जठरातून आतड्याकडे जाणाऱ्या वाटेचा स्नायू जन्मानंतर जाड होत जातो आणि वाट अरुंद होते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे बाळ चांगलं पितं. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मात्र पाजल्यावर दूध जोरात लांब उडू लागतं, आणि उलटी होताच बाळ पुन्हा भुकेनं रडतं. मुलींपेक्षा मुलग्यांत हा आजार चार-पाच पट आढळतो. सुरुवातीला उलटीचा जोर फारसा नसतो, त्यामुळे दुधाची पावडर बदलण्यात आणि ग्राइप वॉटर देण्यात मोलाचे दिवस निघून जातात.

या दिवसांत संशय जागा करणारं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे वजनकाटा, असं मला ठामपणे वाटतं. दूध काढूनही बाळ रोज २५-३० ग्रॅमने वाढत असेल, तर काळजीचं कारण सहसा नसतं. वजन थांबलं किंवा उतरलं आणि लघवी कमी झाली, तर ती उलटी साधी नाही. अपुरं दूध किंवा जंतुसंसर्गानेही वजन अडतं, हा आक्षेप खरा आहे. पण ती कारणंही थांबून पाहण्याजोगी नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या घरपोच नवजात सेवेतून ही कल्पना पुढे आली. शेवटच्या तीन भेटी नेमक्या या आजाराच्या वयात पडतात. त्या वेळची वजनाची नोंद मन लावून वाचली पाहिजे.

मग सरळ सोनोग्राफीच का करू नये? ती करावीच, १९७७पासून तिने या निदानाचं रूप पालटलं आहे. स्नायूची जाडी ३ मिलिमीटर किंवा जास्त आणि वाटेची लांबी १५ मिलिमीटरच्या पुढे असेल, तर निदान जवळजवळ पक्कं होतं. पण संशय आल्याशिवाय ती कुणी सांगत नाही, आणि आजार कोवळा असताना मापं सीमेवर येतात. अशा वेळी एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणूनही निर्धास्त होऊ नये. सतत आम्ल बाहेर पडल्याने क्लोराइड आणि पोटॅशियम घटतं खरं, पण ते उशिरा. लवकर आणलेल्या बाळाचं रक्त ठीकठाक असू शकतं. ते बिघडलं असेल, तर शस्त्रक्रियेआधी सलाइनने दुरुस्त करावं लागतं, नाहीतर भुलीनंतर श्वास मंदावण्याचा धोका असतो. रामस्टेट यांनी १९१२मध्ये मांडलेली, स्नायू चिरून वाट मोकळी करणारी शस्त्रक्रिया त्यासाठी दिवसभर थांबू शकते.

उलटी हिरवी असेल, तर मात्र वजनाची वाट पाहू नये. या आजारात अडथळा पित्त मिसळण्याच्या जागेच्या वर असतो, म्हणून उलटीला हिरवा रंग येत नाही. हिरवी उलटी आतड्याला पीळ पडल्याची खूण असू शकते, आणि तिथे काही तासांतच आतडं निकामी होऊ शकतं.