पुण्यात जुळलेली मर्सिडीज, तिशीनंतरही रस्त्यावर

1995 साली पुण्यात टेल्कोच्या कारखान्याच्या आवारात भारतातली पहिली मर्सिडीज जुळवली गेली. जाणकार तिला ‘डब्ल्यू 124’ म्हणतात. पेट्रोलवरची ई 220 आणि डिझेलवरची ई 250 डी अशा रूपांत ती मिळे. तेव्हा ही श्रीमंतांची गाडी होती. आता काही हौशी मंडळी तिलाच घेऊन कामावर जातात, बाजारहाट करतात, आणि ती हे निभावते. कारण ती टिकण्यासाठी आणि दुरुस्त होण्यासाठीच बांधलेली आहे.

तिचं बोनेट पार 90 अंशांत सरळ उभं राहतं, त्यामुळे मिस्त्रीला चाचपडत काम करावं लागत नाही. समोरच्या काचेला वायपर एकच. साधा वायपर अर्धगोल फिरतो आणि वरचे कोपरे तसेच राहतात. हिचा दांडा फिरता फिरता कोपऱ्यांकडे लांबतो, मध्ये आखडतो, आणि काचेचा 86 टक्के भाग पुसून काढतो. फक्त त्या दांड्याच्या यंत्रणेला पावसाळ्याआधी ग्रीस हवं.

सेकंडहँड किंमत पाहून मात्र कोणी हुरळू नये. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही. सस्पेन्शनचे रबरी बुश झिजलेले असतात, ते बदलता येतात. खरा धोका वायरिंगचा. 1990च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या अनेक मर्सिडीजमध्ये इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने कडक होतं आणि त्याचा अक्षरशः भुगा होतो. तारा उघड्या पडल्या की इंजिन झटके देतं किंवा बंदच पडतं. म्हणून रंग आणि लेदरच्या सीट नंतर बघाव्यात. वायरिंग बदलल्याचं बिल आधी मागावं.

त्यात कायद्याचा पेच आहे. खासगी गाडीला 15 वर्षांनी पुन्हा पासिंग करावं लागतं, मग दर 5 वर्षांनी. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. 2021च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती 50 वर्षांनंतर, आणि तशी गाडी रोज वापरता येत नाही. जर्मनीत 30 वर्षांची, मूळ रूपात जपलेली गाडी तपासणीत उतरली की तिला खास नंबरप्लेट मिळते. वर्षाला सुमारे 192 युरो ठरावीक कर भरून ती शहरातल्या कमी प्रदूषणाच्या क्षेत्रातही नेता येते. आपल्याकडेही अशी मधली जागा हवी. पुण्यात घडलेल्या या गाड्यांना भंगार आणि संग्रहालय यांच्यामध्येच निवड का करावी लागावी?

उभी राहिलेली गाडी लवकर बिघडते. बॅटरी उतरते, ब्रेकच्या डिस्क गंजतात, सील वाळतात. रोज धावणारी मात्र टिकते. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या एका टॅक्सीचालकाने याच घराण्यातली दोन पिढ्या आधीची 240 डी, इंजिनं बदलत बदलत, 46 लाख किलोमीटर चालवली. 2004 मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली.

आपल्या पेट्रोल गाड्यांपुढे सध्या प्रश्न आहे तो 20 टक्के इथेनॉलच्या इंधनाचा. जुन्या रबराला ते मानवत नाही. त्यामुळे ई 220 रोज वापरणाऱ्याने इंधनाचे पाइप आणि सील तडकण्याची वाट न पाहता आधीच बदलून घेणं बरं.